टाळ्या न आवडणारा नट

अण्णा कधी खोलीत आले नाहीत. ते प्रवेश करत. दारात क्षणभर थांबायचं, उजवा हात चौकटीवर ठेवायचा, आत बसलेल्या सगळ्यांच्या माना वळेपर्यंत वाट पाहायची आणि मग पाऊल टाकायचं. आमच्या दुबईतल्या अल मनखूलच्या फ्लॅटमध्ये बाथरूम एकच होतं आणि बाहेर खांद्यावर टॉवेल टाकून आम्ही ताटकळत उभे असायचो. त्यातून बाहेर येतानासुद्धा अण्णा दारात थांबायचे. "यल्ला अण्णा, बस जाईल आमची," असं कोणी ओरडलं की ते खेदाने मान हलवत. घाईत असलेल्या प्रेक्षकांपुढे काम करायला त्यांना आवडत नसे.

फ्लॅट त्यांच्या नावावर होता आणि आम्ही तिघेचौघे त्यात खाटेपुरते भाडेकरू. म्हणजे एका अर्थी ते आमचे घरमालक. पण घरमालकाने भाडेकरूंवर करायची कुठलीही कटकट त्यांनी कधी केली नाही. दिवे चालू राहिले, एसी रात्रंदिवस घरघरत राहिला, तरी हरकत नसे. फक्त जेवताना त्यांनी ताट बाजूला सारून, "त्या प्रसंगात खरं तर असं म्हणायला हवं होतं," अशी सुरुवात केली की कोणी उठून जायचं नाही, एवढी एकच अट होती. आमटीवर साय धरेपर्यंत आम्ही ती पाळत असू.

त्यांच्या सांगण्याप्रमाणे ते राजापूर सोडून आखातात आले तेव्हा मराठी रंगभूमीचं फार मोठं नुकसान झालं होतं. "पोटासाठी यावं लागलं रे. पण तिकडे माझी जागा अजून रिकामी ठेवलेली आहे," असं ते म्हणत. यावर बशीरभाई, आमच्यातले दापोलीकडचे ट्रेलर ड्रायव्हर, मासे साफ करता करता मान वर न करता म्हणायचे, "ठेवलीन असेल वो. दुसरा कोणी बसायला तयार नसेल." अण्णांना याचा राग येत नसे. बशीरभाईंना नाटकातलं काय कळतं, असं त्यांचं मत होतं, आणि बशीरभाईंचं अण्णांविषयी नेमकं तेच मत होतं. त्यामुळे दोघांचं चांगलं जमत असे.

अण्णांची नोकरी होती जेबेल अलीला, जहाजांचे पंप विकणाऱ्या एका डॅनिश कंपनीत. काम बंदरावरून माल सोडवून आणण्याचं. या कामाला कागदपत्रं लागतात असा बाकीच्यांचा समज होता. अण्णा अभिनयाने माल सोडवत. गुरुवारी दुपारी, शुक्रवारच्या सुट्टीआधी काउंटर बंद व्हायच्या बेतात असताना, ते खिडकीपुढे जाऊन नुसते उभे राहत. ओठ थरथरत. मग, "हबीबी, आज ये स्टॅम्प नहीं मिला तो मैं घर जाके बच्चों को क्या मुँह दिखाऊँ?" बच्चे राजापुरात होते आणि त्यातला थोरला तलाठी झाला होता. पण खिडकीमागचा माणूस शिक्का मारायचा. शिक्का मिळाल्यावर अण्णा पुन्हा मागे वळून एक उसासा टाकून जात. तो उसासा कामाचा नव्हता. तो कलेसाठी होता.

एकदा आमच्या ओळखीच्या एका मुकादमाने त्यांना मुसफ्फाच्या कामगार कॅम्पात नेलं. शुक्रवारची दुपार, कॅम्पात सगळी आपल्याकडचीच पोरं, साताऱ्याची, सांगलीची, कोकणातली. अण्णांनी एका पदच्युत राजाचं भलंमोठं स्वगत म्हटलं. राजाचं राज्य जाईपर्यंत निम्मी पोरं पेंगत होती आणि राजा वनात पोचला तेव्हा सगळा हॉल घोरत होता. परतताना गाडीत मी खिडकीबाहेर बघत होतो. अण्णाच म्हणाले, "कष्टकरी माणसाला झोप लागणं, ही सुद्धा दादच असते."

अशा माणसाला दुखावणं अवघड, असं आम्हाला वाटे. ते चूक होतं.

आमच्या मराठी मंडळाचं दरवर्षी एक नाटक असे. अभिनय येत नसल्यामुळे मी प्रॉम्प्टर होतो. विंगेत उभं राहून संहिता वाचायची आणि अडलेल्याला शब्द पुरवायचा. अण्णांना मंडळ नेहमी लहानशी भूमिका देई, कारण दिलेली भूमिका ते वाढवत. त्या वर्षी खबरदारी म्हणून त्यांना पोस्टमन केलं होतं. तिसऱ्या अंकात नवऱ्याच्या पत्राची वाट पाहून थकलेली नायिका बसलेली असते. पोस्टमन येतो, "पत्र," म्हणतो, पत्र देतो आणि जातो. यात वाढवण्यासारखं काही नाही, असं दिग्दर्शकाला वाटलं.

अण्णांनी प्रवेश केला. चौकटीवर हात ठेवला तशी प्लायवुडची चौकट हलली. "पत्र," ते म्हणाले. नायिकेने हात पुढे केला. अण्णांनी पत्राकडे पाहिलं, नायिकेकडे पाहिलं आणि ते सरळ सोफ्यावर बसले. मग पोस्टमनच्या झिजलेल्या वहाणा आल्या. त्याला चावलेली कुत्री आली. जगाची पत्रं वाटणाऱ्या माणसाला स्वतःला कोणीच पत्र लिहीत नाही, हे दुःख आलं. नायिकेचं काम करणाऱ्या बाई एका बँकेत अधिकारी होत्या. त्यांनी पत्राचं टोक धरून ओढून पाहिलं, तसं अण्णांनी ते सदऱ्याच्या आत घातलं. मी विंगेतून कुजबुजलो, "पत्र द्या." मग जरा मोठ्याने म्हणालो. मग ओरडलो. ते पहिल्या रांगेत ऐकू गेलं आणि पहिल्या रांगेने माझ्या सुरात सूर मिसळला. "पत्र द्या! पत्र द्या!" आणि त्या घोषणेच्या जोडीला टाळ्या सुरू झाल्या. एका ठेक्यात. सगळ्या हॉलभर.

नाटकवाल्यांना हे सांगावं लागत नाही. टाळ्या विस्कटलेल्या असल्या तर ते कौतुक. त्या एका ठेक्यात पडल्या की प्रेक्षकांनी नटाला घरचा रस्ता दाखवला. अण्णांनी सदऱ्यातून पत्र काढून दिलं आणि ते आत आले. विंगेतल्या पेटाऱ्यावर बसले. मला वाटलं, आता म्हणतील, पाहिलंस, प्रेक्षक कसे सामील झाले. पण त्यांनी टोपी काढून बाजूला ठेवली. "हा ठेका मला ओळखीचा आहे रे," ते हळूच म्हणाले. "राजापुरातही हाच होता." त्यांची रिकामी ठेवलेली जागा नक्की कशामुळे रिकामी होती, ते मला तेव्हा कळलं. मी ते बशीरभाईंना सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात मंडळाच्या सेक्रेटरींनी त्यांना ऑफिसात फोन केला. यापुढे अण्णांनी स्वागत समितीत असावं, असं कमिटीने ठरवलं होतं. दारात उभं राहून अत्तर लावायचं, गुलाबपाणी शिंपडायचं. "तुमच्यासारखा अनुभवी माणूस दारात हवा," असं सेक्रेटरी म्हणाले. अण्णा त्यानंतर बंदरावर गेले, माल सोडवला, गोदामात परत आले आणि एका खोक्यावर बसले. एसी नसलेल्या त्या गोदामात, घामाने भिजलेल्या शर्टात, बुटांकडे बघत. किती वेळ कोण जाणे.

त्या वेळी कंपनीच्या डॅनिश मॅनेजरची बायको नवऱ्याला न्यायला आली होती. ही बाई, म्हणजे मॅडम, लग्नापूर्वी डेन्मार्कमध्ये नाटकाच्या धंद्यात होती आणि दुबईतल्या डॅनिश मंडळींना जमवून हिवाळ्यात एक नाटक बसवत असे. म्हणजे तिचंही एक मंडळच. त्या वर्षीचं नाटक तिने स्वतः लिहिलं होतं. समुद्रकाठचं घर, मुलगा जहाजावर गेलेला. एक परदेशी म्हातारा खलाशी मुलगा वारल्याचा निरोप घेऊन येतो आणि त्याला तो सांगवत नाही. घरची माणसं त्याला कॉफी देतात, मुलाच्या गोष्टी सांगतात, आणि तो बसून राहतो. शेवटी एक वाक्य बोलतो. हा खलाशी तिला सापडत नव्हता. ती गोदामाच्या दारात थांबली, खोक्यावरच्या माणसाकडे पाहत राहिली आणि नवऱ्याला म्हणाली, "हाच."

अण्णा घरी आले तेच प्रवेश करून. "युरोपियन रंगभूमीने विचारणा केली आहे," त्यांनी दारातून जाहीर केलं. बशीरभाई म्हणाले, "पगार वाढवलानी काय?"

तालमी शुक्रवारी, डॅनिश मंडळींच्या क्लबात. अण्णांनी एकच अट घातली होती, माझा प्रॉम्प्टर माझ्याबरोबर हवा. डॅनिश नाटकात प्रॉम्प्टरची जुनी पद्धत आहे म्हणे, त्यामुळे मॅडमना त्यात काही वावगं वाटलं नाही. मला डॅनिश येते का, हे त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. मॅडमनी खलाशाचं वाक्य आणि त्याआधीची इतरांची वाक्यं कॅसेटवर बोलून दिली, ती मी ऐकून देवनागरीत उतरवली. तोंडात गरम भजं धरून बोलावं तशी ती भाषा. अण्णा कानाला वॉकमन लावून कंपनीच्या बसमध्ये पुटपुटत, तेव्हा शेजारी बसलेला मल्याळी हेल्पर उठून मागच्या सीटवर जाऊन बसे.

भाषा सोपी गेली. अवघड गेलं ते बसणं. अण्णा खुर्चीवर बसत तेव्हा त्यात दुःख असे, पूर्वायुष्य असे, समुद्र असे. मॅडम म्हणत, "नथिंग. प्लीज, डू नथिंग." अण्णा थोडं कमी करत. "स्टिल टू मच." एकदा त्या म्हणाल्या, त्या दिवशी गोदामात बसला होतात, तसे बसा. अण्णा चिडले. मला मराठीत म्हणाले, "हिला सांग, तेव्हा मी अभिनय करत नव्हतो." मी सांगितलं. मॅडमचा चेहरा उजळला. "एक्झॅक्टली," त्या म्हणाल्या.

"काहीच करायचं नसेल तर नट कशाला हवा?" अण्णा घरी येऊन गरजले. "खुर्ची ठेवा म्हणावं नुसती!" पण ते मागे हटणारे नव्हते. आमच्या बाल्कनीत प्लॅस्टिकची खुर्ची टाकून ते काहीही न करण्याचा रियाज करू लागले. समोर पार्किंग. संध्याकाळभर तिकडे बघत बसायचे. पहिले काही दिवस त्यांची भुवई हलायची, नाकपुडी फुगायची, मग स्वतःच "च्" करून पुन्हा सुरुवात. आम्ही जेवायला हाक मारली तरी उत्तर नाही. बशीरभाईंना खरोखरच काळजी वाटू लागली. "तब्येत बघा वो याची. कधी एवढा गप ऱ्हायला नाय. सुधरेल इन्शाल्ला." पुढे पुढे मलाही तिकडे बघवेना. खुर्चीवर एक थकलेला, घरापासून लांब आलेला माणूस बसलेला दिसे, आणि आमच्या फ्लॅटमध्ये तसा माणूस कोणालाच नको होता. आम्ही सगळे तसेच होतो.

प्रयोगाच्या दिवशी अण्णांनी क्लबाच्या स्टेजवर नारळ फोडला. डॅनिश नटांनी खोबरं आवडीने खाल्लं. पडदा उघडला. मी विंगेत देवनागरी कागद धरून उभा. अण्णांचा प्रवेश आला. ते दारात थांबले, पण हात चौकटीवर ठेवला नाही. नुसते थांबले, आत यावं की नाही हे न कळणाऱ्या माणसासारखे. मग आत येऊन बसले.

मी त्यांच्याबद्दल आजवर पुष्कळ चेष्टेने बोललो आहे आणि पुढेही बोलेन, पण त्या संध्याकाळी त्यांनी जे केलं ते मी पुन्हा कुठे पाहिलेलं नाही. घरची आई मुलाच्या लहानपणच्या खोड्या सांगते आणि खलाशी कॉफीच्या कपाकडे बघतो, एवढंच. मला भाषा कळत नव्हती तरी मी हातातल्या कागदाकडे बघायचं सोडून दिलं. शेवटचं वाक्य त्यांनी इतक्या हळू म्हटलं की मी सवयीने ओठ हलवायचंही विसरलो. पडदा पडला.

मग टाळ्या. अण्णा खुलले. मला डोळा मारून ते बाकीच्या नटांबरोबर हातात हात घालून उभे राहिले. पडदा पुन्हा उघडला. आणि बघता बघता त्या टाळ्या एका ठेक्यात पडल्या.

थप्, थप्, थप्, थप्. सगळा हॉल एक होऊन. अण्णांचा चेहरा मला बाजूने दिसत होता, चिकटवलेल्या दाढीखाली तो पांढराफटक पडला. त्यांनी शेजाऱ्यांचे हात सोडले. एक पाऊल पुढे आले, प्रेक्षकांना नमस्कार केला, मराठीत म्हणाले, "चुकलं असेल तर माफ करा," आणि माझ्यासमोरून विंगेतून, क्लबाच्या किचनमधून, मागच्या दाराने बाहेर गेले. मी कागद टाकून मागे धावलो.

ते खलाशाच्या जाड कोटात, पांढरी दाढी लावलेले, रस्त्याच्या कडेला उभे होते. टॅक्सी थांबली. पठाण ड्रायव्हरने अदबीने विचारलं, "हाजी साब, कहाँ जाना है?" अण्णा मागे जाऊन बसले. मी पत्ता सांगितला. वाटेत एकदाच म्हणाले, "परक्यांनासुद्धा तोच ठेका येतो. खलास झालं." घरी बशीरभाईंनी कपाळाला हात लावून पाहिला आणि काही न विचारता पेज केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात मॅनेजर आणि मॅडम, हातात फुलं. आमच्या हॉलमध्ये वाळत घातलेल्या लुंग्यांखालून वाकून ते आत आले. मॅडमचे डोळे लाल होते. त्या भरभर बोलू लागल्या, मी अण्णांना मराठीत सांगत गेलो. लोक रिकाम्या स्टेजसाठी कितीतरी वेळ टाळ्या वाजवत होते. उभे राहून. थांबायला तयार नव्हते.

"ठेक्यात वाजवत होते," अण्णा म्हणाले. "सांग त्यांना. मला कळतं ते."

मॅनेजरला प्रश्नच कळला नाही. ठेक्यातच ना, तो म्हणाला. आमच्याकडे नाटक फार आवडलं की टाळ्या आपोआप ठेक्यात येतात. बेताचं आवडलं तर नाही येत.

मी ते मराठीत सांगितलं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे... चांगलं होतं?" लहान मुलासारखा आवाज होता. मी मान हलवली. ते एकदा हसायच्या बेतात आले आणि एकदा रडायच्या. आणि नेमक्या त्याच क्षणी मॅडम म्हणाल्या, "माझा जन्म थिएटरमध्ये गेला. पण टाळ्यांना पाठ दाखवून निघून गेलेला नट मी पाहिला नव्हता. तुम्हाला टाळ्या नकोच होत्या, हो ना?"

इथे अण्णांनी खरं सांगायला हवं होतं. घाबरलो होतो, एवढे दोनच शब्द. पण समोर दोन प्रेक्षक होते आणि त्यातली एक रडत होती. मला दिसलं, त्यांची मान सावकाश खाली गेली, पापण्या मिटल्या, उजवा हात छातीवर आला. "मॅडम," ते इंग्रजीत म्हणाले, "क्लॅपिंग इज नॉट फॉर मी. आय ओन्ली सर्व्ह."

त्यांच्या सगळ्या कारकिर्दीतली ती सर्वांत उत्तम वठलेली भूमिका. आणि ती त्यांना जन्माची चिकटली.

प्रयोगाला मॅडमचे एक जुने सहकारी आले होते, डेन्मार्कच्या उत्तरेला एका बंदराच्या गावात लहानसं थिएटर चालवणारे. त्यांनी तेच नाटक आपल्याकडे घ्यायचं ठरवलं आणि खलाशी म्हणून अण्णांनाच बोलावलं. कंपनीने रजा दिली, व्हिसाचंही झालं. करार करताना ते गृहस्थ हसत म्हणाले, अर्थात तुम्ही शेवटी पडद्यापुढे येणार नाही, हे मी गावात सांगून ठेवलंय, लोकांना फार कुतूहल आहे. अण्णाही हसले. मी त्यांच्या शेजारी होतो. इतकं वाईट हसणं मी त्यांचं कधी पाहिलं नाही.

मग आमच्या मंडळाला जाग आली. "आंतरराष्ट्रीय कीर्तीचे कलावंत आणि आपल्या मंडळाचे आधारस्तंभ," असं छापून सत्कार ठरला. ज्या हॉलमध्ये "पत्र द्या" झालं होतं, त्याच हॉलमध्ये. अण्णा नवा सदरा शिवून आणून तयार. जाताना गाडीत म्हणाले, "डेन्मार्कचं राहू दे. आपल्या माणसांच्या हातची एक विस्कटलेली टाळी मिळाली ना, की माझं झालं." हॉल खच्चून भरला होता. सेक्रेटरी माइकपुढे आले आणि म्हणाले, "आपणा सर्वांना ठाऊक आहेच, अण्णांना टाळ्या आवडत नाहीत. तेव्हा सर्व रसिकांना नम्र विनंती, शाल घालताना कृपया शांतता राखून त्यांच्या तत्त्वाचा मान ठेवावा."

आणि आपली माणसं. एरवी राष्ट्रगीतालासुद्धा गप्प न राहणारी. त्या दिवशी सगळी हात मांडीवर ठेवून बसली. शाल घातली. नारळ दिला. एसीचा आवाज तेवढा येत होता. पहिल्या रांगेतल्या एका लहान मुलीने आईला विचारलं, "ममा, डिड ही डू समथिंग राँग?" आई म्हणाली, "शू." अण्णांनी नमस्कार केला आणि खुर्चीत बसले. खरं सांगतो, मला त्यांच्याकडे बघवेना.

अण्णा डेन्मार्कला गेले आणि थिएटरचा तो हंगाम लांबला. पुढच्या हिवाळ्यातही त्यांना बोलावलं आणि त्याच्या पुढच्याही. अधूनमधून फोन येई. थंडी किती आहे, मासा कच्चाच कसा खातात, बशीरभाईंना सांग की यांना माशात घालायचं तिरफळ माहीत नाही. गावात आता त्यांना सगळे ओळखत, पण ओळखल्याचं कोणी दाखवत नसे. "बेकरीत गेलो की लोक ओळखतात आणि खाली बघतात," अण्णा सांगत. "मला कौतुक आवडत नाही ना. एक म्हातारी तर मला पाहून रस्ता ओलांडून गेली. केवढा तो आदर!" तिथल्या पेपराने त्यांच्यावर लेख लिहिला, त्यात नाटकाविषयी थोडं आणि त्यांच्या निरिच्छपणाविषयी पुष्कळ होतं. बशीरभाईंनी लेखातला फोटो बघितला. "बारीक झाला," एवढंच म्हणाले.

मी एकदा फोनवर म्हणालो, अण्णा, सांगून टाका ना त्यांना. हसतील आणि विसरतील. ते आधी तिकडच्या थंडीविषयी बोलले. मग म्हणाले, "अरे, लोक लांबून येतात, टाळ्या न घेणारा नट बघायला. नाटक काय, कोणीही करेल."

शेवटचा फोन आला तो एका रविवारी संध्याकाळी. तोवर मोबाईल आले होते. मी मंडळाच्या तालमीत, संहिता मांडीवर घेऊन बसलो होतो. तिकडे दुपारचा प्रयोग नुकताच संपला असावा. अण्णांचा आवाज कुजबुजता होता. "विंगेत आहे. ऐक," ते म्हणाले आणि त्यांनी फोन पुढे धरला.

थप्, थप्, थप्, थप्. एका ठेक्यात, हॉलभर. मी तालमीतून उठून बाहेर कॉरिडॉरमध्ये गेलो, एक कान बोटाने बंद केला.

"आज शेवटचा प्रयोग. परवा निघतोय. वयही झालं," अण्णा म्हणाले. "पडद्याला बाजूने फट आहे, तिथून बघतोय. सगळे उभे आहेत. काठीवाली माणसंसुद्धा."

"मग जा ना अण्णा!" मी जवळजवळ ओरडलोच. "शेवटचा प्रयोग आहे. आता कोण काय म्हणणार? एकदा तरी जा. तुमच्यासाठी आहेत त्या. जन्मभर दुसरं काय मागितलंत तुम्ही?"

तिकडे टाळ्या चालूच होत्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, त्यांच्या वाटची चिडचिडही मलाच होत होती.

"बाकीचे गेले होते मघाशी," ते म्हणाले. "वाकले. लोकांनी त्यांच्या वाटणीच्या वाजवल्या आणि थांबवल्या. मी जात नाही, म्हणून अजून वाजवतायत." त्यांनी श्वास घेतला. "आता गेलो तर थांबतील रे."

मी काहीतरी बोलायला गेलो.

"श्! बोलू नकोस," ते म्हणाले आणि त्यांनी फोन पुन्हा पडद्याकडे धरला.